बंदुकीचा कायदा शिकवणारे मोफत वर्ग: आपल्या मंडळांत असं काही व्हावं का?

रानजाई

प्रश्न आधीच विचारून टाकते. अमेरिकेतल्या आपल्या महाराष्ट्र मंडळांनी बंदुकीच्या कायद्यावर एखादं माहितीसत्र ठेवावं का? 'बंदूक घ्या' असा प्रचार मला नकोय. कायद्याने कुणाकुणाला बंदुकीला हात लावायचीही मुभा नाही, घरात असेल तर ती कशी ठेवायची, पोलिसांनी गाडी थांबवली तर काय करायचं, राज्य बदललं की काय बदलतं, एवढंच.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला राहते आणि डेट्रॉइटमधल्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या वॉर्डातली एक कृष्णवर्णीय नर्स तिच्या चर्चच्या तळघरात भरणाऱ्या अशा वर्गाला मदत करते. तिच्या आग्रहावरून मी गेले. हॉल भरलेला, निम्म्याहून जास्त बायका, बऱ्याचशा एकट्या राहणाऱ्या किंवा रात्रपाळी करणाऱ्या. दुपारपर्यंत तिथे बंदूक नावाला नव्हती. नुसता फळा आणि कायदा. पिस्तूल अंगावर बाळगायचा परवाना असला तरी शाळा, इस्पितळ, कसिनो, स्टेडियम इथे नेता येत नाही. चर्चमध्येही तिथल्या प्रमुखाची परवानगी लागते. परवाना नसेल तर पिस्तूल रिकामं, बंद पेटीत, गाडीच्या डिकीत.

मग शिकवणाऱ्याने आय-७५ हायवे आणि अँबॅसेडर ब्रिजचं चित्र काढलं. एक्झिट चुकून माणूस पुलावर चढला की समोर कॅनडाचा नाका, आणि तिथे मिशिगनचा परवाना म्हणजे साधा कागद. डेट्रॉइटमध्ये वाढलेली माणसंसुद्धा हे वहीत उतरवून घेत होती.

एक सत्तरीच्या बाई उठल्या. नातू तुरुंगातून सुटून त्यांच्याकडे राहायला येणार होता. नवऱ्याची जुनी रिव्हॉल्व्हर घरातच होती, बिस्किटांच्या डब्यात, डब्याला रबरबँड. शिकवणाऱ्याने विचारलं, "डबा कुठे असतो?" "फ्रिजवर." तो म्हणाला, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला बंदूक ताब्यात ठेवायची बंदी आहे, आणि त्याचा हात पोचेल अशी जागा असली तरी पोलीस त्याचाच ताबा धरू शकतात. आजच ती कुलपात घाला, किल्ली तुमच्या गळ्यात. नाहीतर तुमच्या फ्रिजवरच्या डब्यापायी तो परत आत जाईल. बाईंनी तिथेच बंदुकीत ओवायचं केबल लॉक मागून घेतलं.

हे त्यांना कुणीतरी त्यांच्या वस्तीत येऊन सांगितलं. आपल्याला कोण सांगतं?

दुपारचा_चहा

माझं स्पष्ट मत: नको.

तळमळ कळते रानजाई, पण मंडळ गणपती, मराठी शाळा आणि दिवाळी अंकासाठी आहे. एकदा हा विषय स्टेजवर आला की दोन वर्षांत कुठलीतरी शूटिंग रेंज प्रायोजक होईल आणि संक्रांतीच्या वाणात सवलतीची कूपनं मिळतील. माझा मुलगा दुसरीत आहे. इथे न्यू जर्सीत, एडिसनमधल्या त्याच्या शाळेत गोळीबार झाला तर काय करायचं याची कवायत होते, दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसायची. घरी येऊन तो मला सांगतो की शिंक आली तर नाक कसं दाबायचं. मला माझ्या समाजात बंदूक हा गप्पांचा विषयही व्हायला नकोय.

पेन्सिलशार्पनर

मी डॅलसला, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. पुढच्या महिन्यात आमच्या टीमचं आउटिंग शूटिंग रेंजवर आहे. मॅनेजर म्हणतो टेक्सासमध्ये २०२१ पासून परवान्याशिवायही बंदूक बाळगता येते, बिनधास्त ये. जायला हरकत नाही ना?

कायदेबाज

@पेन्सिलशार्पनर, हरकत आहे, आणि मोठी आहे. मी इमिग्रेशनच्या कचेरीत काम करतो. हा सल्ला नव्हे, नुसती माहिती. सल्ला वकिलाकडूनच घ्यावा.

टेक्सासचा कायदा काहीही म्हणो, केंद्राचा कायदा वेगळा आहे. नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या नसलेल्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवायला बंदी आहे. नोकरीचा एच-वन-बी, त्यांच्या कुटुंबाचा एच-फोर, विद्यार्थ्यांचा एफ-वन, कंपनीतल्या बदलीचा एल-वन, सगळे त्यात आले. काही अपवाद आहेत. आपल्या लोकांच्या कामाचा एकच, अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरणं हाही ताबाच. या कलमाखाली कमाल शिक्षा २०२२ मध्ये १० वर्षांवरून १५ वर्षांवर नेली आहे.

ही नुसती पुस्तकातली भीती नाही. फ्लोरिडात स्टुडंट व्हिसावर आलेल्या, पण विद्यापीठातून नाव कमी झालेल्या एका तरुणाने रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्या. तेवढ्यावर खटला उभा राहिला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की आपण कायदेशीर वास्तव्यात नाही हे त्या माणसाला माहीत होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं. म्हणजे मुद्दा जिंकला, पण त्याआधी किती वर्षं गेली बघा.

ग्रीन कार्डवाल्यांना केंद्राच्या कायद्याने बंदूक घेता येते. पण बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढायला तेवढं एक कारण पुरतं.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणारे आईबाबा. त्यांचा पाहुण्यांचा बी-टू हाही नॉन-इमिग्रंट व्हिसाच. मुलाकडे कायदेशीर पिस्तूल आहे, 'आम्ही घरी नसताना असू दे' म्हणून त्याने बाबांना सेफचा नंबर दिला, की बाबांवर ताब्याचा आरोप येऊ शकतो.

पेन्सिलशार्पनर

बाप रे! आमच्या टीममध्ये आठपैकी पाच जण व्हिसावर आहेत. इथे आल्यावर टॅक्सपासून कचरा वेगळा करण्यापर्यंत सगळं सांगतात, हे कुणीच सांगितलं नाही. आजच मॅनेजरला मेल करतो.

हिंगाष्टक

आईबाबांचा मुद्दा वाचून धागा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. वाचनखूण साठवली आहे.

खारदांडा

चहाताई, तुमचा विरोध मान्य करून एक प्रसंग सांगतो. तुम्ही एडिसनला, मी फिलाडेल्फियाला, म्हणून दोघांच्याही अंगणातला.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या एका एकट्या आईला न्यू जर्सीत, अटलांटिक काउंटीत, वाहतुकीच्या किरकोळ कारणासाठी थांबवलं. वर्षभरात दोनदा लुटली गेली होती, म्हणून तिने रीतसर पेनसिल्व्हेनियाचा परवाना काढून पिस्तूल घेतलं होतं. अधिकाऱ्याला तिने आपणहून सांगितलं, परवाना आहे, पिस्तूल आहे. न्यू जर्सी तो परवाना मानत नाही. अटक झाली, आणि समोर काही वर्षांची सक्तीची किमान शिक्षा. बराच गदारोळ झाल्यावर सरकारी वकिलांनी तुरुंगाबाहेरचा मार्ग खुला केला आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली.

ती खोटं बोलली नव्हती, लपवलं नव्हतं. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की कायदा बदलतो, एवढंच तिला माहीत नव्हतं. माज टुरे नावाचा उत्तर फिलाडेल्फियातला माणूस 'ब्लॅक गन्स मॅटर' चालवतो. शहरी वस्त्यांत जाऊन मोफत वर्ग घेतो, त्यात सुरक्षितपणे बंदूक हाताळणं, कायदा आणि भांडण वाढू न देण्याचे मार्ग शिकवतो. त्याची बाकीची राजकीय मतं मला पटत नाहीत. पण ज्या पोरांना बंदूक फक्त रस्त्यावर आणि कायदा फक्त कोर्टात भेटतो, त्यांच्यापर्यंत कुणीतरी आधी पोचतंय हे मला मोलाचं वाटतं.

वाटसरू_शिकागो

खारदांडा यांना अनुमोदन. थोडा इतिहास जोडतो, कारण हे वर्ग कृष्णवर्णीय वस्त्यांत का उगवले ते त्याशिवाय कळत नाही.

ओटिस मॅकडोनाल्ड हे शिकागोच्या मॉर्गन पार्क भागातले गृहस्थ. लुइझियानातल्या शेतमजुरांच्या घरातले, तरुणपणी शिकागोला आले, देखभाल इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. घर अनेकदा फोडलं गेलं. शिकारीच्या शॉटगन होत्या, पण वाढत्या वयात घरात ती लांब नळी फिरवणं अवघड. त्यांना पिस्तूल हवं होतं आणि शिकागोत १९८२ पासून पिस्तुलांची नोंदणीच बंद, म्हणजे बंदीच. ते कोर्टात गेले. २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राजधानी वॉशिंग्टनपुरतं म्हटलं होतं की घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. २०१० मध्ये मॅकडोनाल्ड खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी तो हक्क राज्यांना आणि शहरांनाही लागू झाला, आणि त्यासाठी आधार घेतला यादवीनंतर राज्यघटनेत झालेल्या चौदाव्या दुरुस्तीचा. मुक्त झालेल्या गुलामांकडून दक्षिणेतली राज्यं शस्त्रं काढून घेत होती, तो इतिहास निकालात आला आहे.

पुढचंही तसंच. १८९२ मध्ये कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी लिहिलं की विंचेस्टर रायफलला प्रत्येक कृष्णवर्णीय घरात मानाचं स्थान असावं. लिंचिंगचे दिवस होते ते. १९५६ मध्ये माँटगोमेरीत घरावर बॉम्ब पडल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचे लोक उघडपणे बंदुका घेऊन फिरायला लागले तेव्हा कॅलिफोर्नियाने घाईघाईने ते बंद करणारा कायदा केला आणि गव्हर्नर रेगन यांनी त्यावर सही केली.

आजही इलिनॉयमध्ये बंदूक घरात ठेवायला फॉइड कार्ड, म्हणजे राज्याचं बंदूकमालकाचं ओळखपत्र लागतं, अंगावर बाळगायच्या परवान्याला १६ तासांचं प्रशिक्षण आणि १५० डॉलर फी. प्रशिक्षणाचे पैसे वेगळे. नेपरव्हिलसारख्या सुखवस्तू उपनगरातल्या माणसाला हे जमतं. शिकागोच्या साउथ साइडला दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईला जमत नाही. मग ती विनापरवाना ठेवते आणि गुन्हेगार ठरते. २०२२ च्या, अंगावर बंदूक बाळगायच्या परवान्यांबद्दलच्या न्यूयॉर्कच्या ब्रुएन खटल्यात ब्राँक्सचे गरिबांचे बचाव-वकील बंदूकहक्काच्या बाजूने उभे राहिले ते याचसाठी. विनापरवाना बाळगल्याबद्दल पकडले जाणारे त्यांचे अशील जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते.

दुपारचा_चहा

वाटसरू, इतिहास वाचून गप्प झाले खरी. पण तो त्यांचा आहे. ज्यांना शेरीफ वाचवायला येणार नव्हता, उलट जमावात सामील असायचा, त्यांनी रायफल ठेवली, त्यांना मी काय शिकवणार? आपण नोव्हाय-नेपरव्हिल-एडिसनवाले. ९११ फिरवला की पोलीस येतात आणि 'सर' म्हणतात. आपल्या भीतीला त्यांच्या भीतीचे कपडे घालू नयेत.

शिवाय घरात बंदूक आली की धोका घरातल्यांनाच वाढतो. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा २०२२ चा मोठा अभ्यास आहे. पिस्तूल बाळगणाऱ्यासोबत राहणाऱ्यांचा खून होण्याचं प्रमाण, बंदूक नसलेल्या घरांत राहणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघालं.

गगनगिरी

अवांतर होईल, पण राहवत नाही. मी राधानगरी तालुक्यातला. आमच्याकडे बंदूक म्हणजे पीकसंरक्षण. रात्री ऊस-भातात रानडुकरं आणि गवे शिरतात, म्हणून आज्ज्याकडे ठासणीची बंदूक होती आणि तिचा परवाना देवाच्या फोटोमागे. निवडणूक लागली की पोलीस पाटलाचा निरोप यायचा, आज्जा बंदूक पोत्यात गुंडाळून एसटीने ठाण्यात जमा करायला जायचा. निकालानंतर परत आणायची. हक्क-बिक्क कुणी म्हणायचं नाही. सरकारने दिली, सरकार मागेल तेव्हा द्यायची.

आणि त्याच मातीतला स्वप्नील कुसाळे पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ घेऊन आला. कांबळवाडी आमच्यापासून लांब नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, सगळ्या कोल्हापूरच्या. बंदूक म्हटलं की आमच्या पोरांना मेडल आठवतं, हे अमेरिकेतल्या मंडळींना सांगावंसं वाटलं.

हिंगाष्टक

गगनगिरी, एसटीत पोत्यातली बंदूक! कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं असणार.

गगनगिरी

फाडायचा की. अर्धं.

शनिवारवाडा_गेट३

गगनगिरींच्या 'हक्क-बिक्क कुणी म्हणायचं नाही' यावर. म्हणणारे होते. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याविरुद्ध काँग्रेस वर्षानुवर्षं ठराव करत आली, आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क होता. पण १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती मांडली तेव्हा ती फेटाळली गेली. डॉ. आंबेडकरांनी विचारलं की असा हक्क दिला तर चोर-दरोडेखोरांना त्यातून वगळायचं कसं. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. आपल्याकडे परवाना ही सरकारची मर्जी, तिथे मुळात तो हक्क. आपला माणूस अमेरिकेत उतरतो तो हे पहिलं गणित डोक्यात घेऊन, म्हणून दुसरं शिकवायची गरज आहे असं मला वाटतं.

सोलापुरी_चादर

चहाताई म्हणाल्या की आपण सगळे उपनगरवाले. सगळे नाही. माझं डेट्रॉइट शहरात गॅस स्टेशन आहे, चोवीस तास चालू. २०१६ मध्ये शहराने प्रोजेक्ट ग्रीन लाइट सुरू केलं तेव्हा पहिली आठ ठिकाणं गॅस स्टेशनंच होती. दारावर हिरवा दिवा आणि कॅमेऱ्याचं चित्र थेट पोलिसांकडे. आमच्याकडेही नंतर तो दिवा लागला. फायदा झाला. तरी रात्री दोनला गल्ल्याशी उभा असतो तो माणूसच.

माझ्याकडे परवाना आहे. मिशिगनमध्ये त्यासाठी किमान ८ तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यातले ३ तास रेंजवर. मी तेवढ्यावर थांबलो नाही. वस्तीतल्या एका मोफत वर्गाला गेलो, कारण माझी गिऱ्हाइकं तिथे जात होती. तिथे एकच गोष्ट सारखी घोकून घेतली: माल गेला तर जाऊ द्या. बिअरचा खोका घेऊन पळणाऱ्यावर गोळी झाडली तर तुरुंगात तुम्ही. जीव जाण्याची, गंभीर इजेची किंवा लैंगिक अत्याचाराची भीती समोर उभी असेल, आणि ती प्रामाणिक व रास्त असेल, तरच. नुसतं धाकासाठी बाहेर काढून दाखवणं हाही गुन्हा.

त्यानंतर मी गल्ल्यापुढे जाड काच बसवली, रात्री खिडकीतूनच माल द्यायला लागलो, आणि ठळक अक्षरांत लिहून लावलं की गल्ल्यात रोकड फार नसते. पिस्तूल आहे, पण भरवसा काचेवर आहे. आणि माझ्याकडे काम करणारी स्टुडंट व्हिसावरची मुलं... कायदेबाज यांचा प्रतिसाद वाचून काल काउंटरखालचं पिस्तूल माझ्या ऑफिसच्या सेफमध्ये गेलं. नंबर एकट्या माझ्याकडे.

कायदेबाज

@सोलापुरी_चादर, चांगलं केलंत. एक भर घालतो. मिशिगनमध्ये २०१८ च्या मतदानानंतर प्रौढांना गांजा चालतो, पण दुकानातून बंदूक घेताना जो केंद्राचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो त्यात अमली पदार्थांच्या वापराचा प्रश्न असतो. राज्यात चालतं म्हणून तिथे खोटं उत्तर दिलं तर तो वेगळा गुन्हा. मित्राच्या नावावर घेऊन देणं, म्हणजे खरा मालक दुसरा आणि फॉर्मवर नाव तिसऱ्याचं, हाही केंद्रीय गुन्हाच. आपली मुलं कॉलेजात मैत्रीखातर हे करू शकतात.

अबोली_२

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, ओहायोत. इतका वेळ चोर, पोलीस आणि पूल यांवर चर्चा झाली. सगळ्यात मोठा आकडा अजून आलाच नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,२०४ माणसं गेली. त्यातले २७,०३२ मृत्यू आत्महत्या होते. निम्म्याहून अधिक. जीव द्यायला औषधाच्या गोळ्या खाल्लेल्यांपैकी बहुतेक जण माझ्यापर्यंत जिवंत येतात, बोलतात, पुढे संसार करतात. बंदूक वापरलेला जवळजवळ कुणीच येत नाही.

आणि आपल्या समाजात हे बोललंच जात नाही. नोकरी गेली, नोकरीविना व्हिसावर राहता येतं ते साठ दिवस मोजतोय, घरी सांगितलेलं नाही, रात्र-रात्र झोप नाही. असा माणूस मंडळाच्या कार्यक्रमात हसत पुरणपोळी वाढत असतो. शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. अशा घरात उशाच्या ड्रॉवरमध्ये भरलेलं पिस्तूल असेल, तर तो झटका येण्याच्या आणि ओसरण्याच्या मधे काहीच उरत नाही.

न्यू हॅम्पशायरमध्ये बंदुकांचे दुकानदार आणि आरोग्यवाले एकत्र आले. दुकानात पोस्टर लावली, अस्वस्थ दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला बंदूक कशी नाकारायची हे दुकानदारांनी शिकून घेतलं, आणि वाईट काळात बंदूक काही दिवस घराबाहेर ठेवायची पद्धत रुजवायला सुरुवात केली. दारू प्यालेल्या मित्राची गाडीची किल्ली काढून घेतो तसंच. बंदुकीचा द्वेष करून हे झालं नाही. बंदूक बाळगणाऱ्यांनीच ते केलं, म्हणून बंदूक बाळगणाऱ्यांनी ऐकलं.

सत्र ठेवलंत तर पहिला अर्धा तास मला द्या. मी गाडी चालवत नोव्हायला येईन. आणि हे वाचणाऱ्या कुणाला आत्ता जड जात असेल तर ९८८ ला फोन करा, रात्री-अपरात्री कधीही.

रानजाई

अबोलीताई, तो अर्धा तास तुमचाच.

वाटसरू, चर्चमधल्या वर्गाची दुसरी बाजू सांगायची राहिली. दुपारी त्यांनी दोन खुर्च्या पुढे-मागे मांडून गाडी केली आणि पोलिसाने थांबवल्याचा सराव घेतला. आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आधी सांगा, मग विचारा, मगच हलवा. मिशिगनमध्ये पिस्तूल अंगावर असेल तर थांबवल्याबरोबर अधिकाऱ्याला सांगणं परवानाधारकाला बंधनकारक आहे. मागच्या रांगेतला एक तरुण म्हणाला, "फिलँडो कॅस्टीलनेही सांगितलंच होतं." मिनेसोटात २०१६ मध्ये परवाना असलेल्या कॅस्टीलने अधिकाऱ्याला बंदूक असल्याचं सांगितलं आणि काही क्षणांत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. तो अधिकारी पुढे निर्दोष सुटला. शिकवणाऱ्याकडे त्याला उत्तर नव्हतं, आणि आहे असं त्याने भासवलंही नाही. "म्हणून आपण पुन्हा एकदा करू," एवढं बोलून त्याने त्या तरुणाला खुर्चीत बसवलं. हक्क कागदावर सगळ्यांचा सारखा असून वापरताना सारखा राहत नाही, हे त्या हॉलमध्ये प्रत्येकाला ठाऊक होतं. मला तिथे बसून कळलं.

दुपारचा_चहा

दोन दिवस विचार केला. बंदूक घरात आणायला माझा विरोध होता, आहे, राहील. पण अबोली आणि कायदेबाज यांचे प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवले. त्याच्या ऑफिसातला एकजण ग्रीन कार्ड मिळाल्या मिळाल्या पिस्तूल घेऊन आलाय आणि त्याचे सासू-सासरे जूनमध्ये येताहेत. म्हणजे 'आपल्यात नाही' हे माझं म्हणणं टिकत नाही.

सत्र होणार असेल तर माझ्या अटी लिहून ठेवा. खोलीत एकही बंदूक नको, रिकामीसुद्धा नको. रेंज किंवा दुकान प्रायोजक नको. आणि आई-वडिलांसाठी एक प्रश्न पाठ करून घ्या: मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला पाठवण्याआधी विचारायचं, "घरात बंदूक आहे का, आणि ती कुलपात आहे का?" शेंगदाण्याची ॲलर्जी आपण न लाजता सांगतो, हेही न लाजता विचारायचं. मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा विचारलं. समोरची आई जराही रागावली नाही. उलट म्हणाली, तू विचारलंस ते बरं झालं, आमचा सेफ तळघरात आहे, ये आणि बघ.

पेन्सिलशार्पनर

मॅनेजरचं उत्तर आलं. त्याला हा नियम ठाऊकच नव्हता. एचआरने वकिलाला विचारलं, आउटिंग रद्द. आता बोलिंगला जातोय. टीममधले अमेरिकन जरा हिरमुसलेत, पण पाच जणांच्या वतीने कायदेबाज यांना मनापासून धन्यवाद.

सोलापुरी_चादर

चहाताईंच्या अटींना अनुमोदन, एक सोडून. सत्रात कुलूप कसं लावायचं ते दाखवलंच पाहिजे. केबल लॉक नळीतून की मॅगझिनच्या जागेतून, कुठून ओवायचं हे नुसतं सांगून कळत नाही. प्लॅस्टिकचा सरावाचा नमुना चालेल का?

दुपारचा_चहा

भडक रंगाचं प्लॅस्टिक असेल आणि मुलं दुसऱ्या खोलीत असतील तर चालेल.

खारदांडा

मिशिगनपुरतं सत्र करू नका, एवढं माझं मागणं. सुट्टीत अर्धं मंडळ गाडीने नायगारा, न्यू जर्सी, शिकागो करतं. १९८६ चा केंद्राचा कायदा राज्याराज्यांतून जायची वाट देतो, पण निघाल्या ठिकाणी आणि पोचल्या ठिकाणी बाळगणं कायदेशीर असेल, बंदूक रिकामी असेल आणि ती आणि काडतुसं गाडीत हाताशी नसतील तरच. वाटेत मुक्काम केला की काय, यावर कोर्टांत भांडणं झाली आहेत. हे नकाशा समोर ठेवून शिकवा.

वाटसरू_शिकागो

आणि सत्र जेवणाआधी ठेवा. श्रीखंडानंतर कायदा ऐकायला कुणी जागं राहत नाही.

रानजाई

कमिटीला पत्र लिहिलं आहे. त्यात ऑक्सफर्ड हायस्कूलचा उल्लेख केलाय. ती शाळा आमच्याच ओकलंड काउंटीत आहे. २०२१ च्या ३० नोव्हेंबरला तिथे चार मुलं गेली, आणि २०२४ मध्ये गोळीबार करणाऱ्या मुलाच्या आई-वडिलांना सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. १३ फेब्रुवारी २०२४ पासून मिशिगनमध्ये ज्या घरात अल्पवयीन मूल आहे किंवा येण्याची शक्यता आहे, तिथे बंदूक कुलपात ठेवणं बंधनकारक आहे. 'येण्याची शक्यता', म्हणजे वाढदिवसाची पार्टी, मराठी शाळेची रिहर्सल, सगळं आलं. कमिटीतल्या दोघांना हे माहीत नव्हतं, आणि त्यातल्या एकांकडे बंदूक आहे.

मंडळाचे अध्यक्ष म्हणताहेत की बाहेरचा वक्ता नको, 'आपलाच' कुणीतरी बोलवा. मला ते पटत नाही. चर्चमध्ये शिकवणारा माणूस यायला तयार आहे, पैसे घेत नाही, फक्त केबल लॉकसाठी एक खोका ठेवू द्या म्हणतो. जी गोष्ट त्या वस्तीने इतकी किंमत मोजून शिकली, ती तिथल्याच माणसाच्या तोंडून आपल्या लोकांनी ऐकावी असं मला वाटतं. अध्यक्षांना कसं पटवू? ज्यांच्या मंडळात कधी बाहेरच्या समाजातला वक्ता बोलावला गेलाय त्यांनी सांगा, तेव्हा काय झालं?

अबोली_२

आमच्याकडे झालंय. अध्यक्षांचा नंबर मला व्यक्तिगत निरोपाने पाठवा, मी बोलते.